फॅन बंद होईपर्यंत

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
ऑफिसच्या लॅपटॉपचा फॅन चालू केल्यापासून घोंघावतोय. थांबतच नाही. खालून हात लावला तर चटका. निश्चय: आठवड्याभरात स्वतः दुरुस्त करणे. एकोणीस वर्षं कंपनीच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहितोय. ‘बिघाड, कारण, उपाय’ हा तक्ता माझ्यासारखा कुणाला जमत नाही, असं ऑफिसात म्हणतात. म्हणजे मी एकदा म्हणालो होतो, कुणी खोडून काढलं नाही.

५ मार्च, बुधवार
कारण: खालून हवा खेळत नाही. उपाय: भांडी निथळायची जाळी लॅपटॉपखाली ठेवली. बायको लॅबमधून आली आणि ओली भांडी टेबलावर बघून म्हणाली, हे काय? समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि टेबल पुसलं. फॅन तसाच.

७ मार्च, शुक्रवार
ऑफिसात नुकत्याच लागलेल्या नव्या मुलीचा फोन. जुनी पुस्तकं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, तक्ते कसे करता, चित्रं कोण देतं. तासभर शिकवलं. सगळं लिहून घेते, मध्ये बोलत नाही. हल्ली असे शिकणारे कुठे मिळतात.

मी घरून काम करतो, तर शुक्रवारच्या ऑनलाइन मीटिंगचं बोलावणं आलं नाही. मागच्या शुक्रवारीही नव्हतं. उघड आहे, माझ्या फॅनचा आवाज सगळ्यांच्या कानात जातो. साहेबांना तोंडावर सांगायला संकोच वाटत असणार. फॅन गप्प झाला की बोलावतील.

१० मार्च, सोमवार
आयटीवाल्याला फोन. त्याने तिथूनच लॅपटॉप बघितला. म्हणाला, बॅकअप चाललाय सर, तुमच्या सगळ्या फाइल्स सर्व्हरवर जातायत, म्हणून मशीन तापतंय. महिनाअखेरीला थांबेल. उघडू मात्र नका.

माझ्याच का, असं विचारलं. म्हणाला, मला वरून यादी आलीय. यादीत कोण कोण? तर म्हणे, आवाज तुटतोय. मला तर स्वच्छ ऐकू येत होतं.

म्हणजे महत्त्वाच्या माणसांचं काम आधी जपून ठेवतायत. जेवताना बायकोला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, साहेबांना सरळ विचारा ना, हे कशासाठी चाललंय. तिला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी २
नुसत्या बॅकअपने इतकं तापणार नाही. कारण: धूळ. झाकण उघडलं. ‘झाकण स्वतः उघडू नये’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर मीच घालतो, पण ते गिऱ्हाइकांसाठी. स्क्रू निघाले अकरा, परत बसले नऊ. साफ करताना फॅनची एक बारीक वायर हातात आली. तशी जुनीच दिसत होती.

दुपारी ४
लॅपटॉप चालू केला. शांत! एकदम शांत. दहा दिवसांत जमवलं. आयटीवाल्याला कळवणार होतो, पण कशाला त्याला लाजवायचं.

१४ मार्च, शुक्रवार
लॅपटॉप दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतो. पण आवाज नाही, म्हणून जुन्या लिंकवरून मीटिंगला शिरलो. नवी मुलगी माझंच पुस्तक पडद्यावर दाखवत होती. तक्ते माझेच, नाव तिचं. शिकताना असं होतं. साहेब म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून हे सगळं काम हिच्याकडे. आणि त्यांना आपण...”

इथे स्क्रीन काळी.

वाक्य पुरं ऐकता आलं नाही. आणि त्यांना आपण वरची जागा देतोय, असंच असणार. दुसरं काय असेल? पुन्हा चालू केला तेव्हा मीटिंग संपली होती. साहेबांना फोन केला. बिझी. चार वेळा.

१७ मार्च, सोमवार
लॅपटॉप चालूच होत नाही. जळका वास. खिडक्या उघड्या ठेवल्या. बायको म्हणाली, ऑफिसला जाऊन या एकदा, समोरासमोर बोला. म्हणालो, आधी लॅपटॉप दुरुस्त होऊ दे. ती म्हणाली, “अहो, लॅपटॉपचं सोडा.” मग बराच वेळ सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ बंद होता.

संध्याकाळी एचआरमधून फोन. गुरुवारी अकराला या, लॅपटॉप आणि आयकार्ड घेऊन. नवीन लॅपटॉप देणार, हे उघड आहे. आयकार्डही नव्या हुद्द्याचं करून देतील. शर्ट इस्त्रीला दिला.

२० मार्च, गुरुवार
बायकोने अर्धी रजा टाकली. मलाही तिकडे काम आहे म्हणाली. काय काम ते सांगितलं नाही. ऑफिसच्या बिल्डिंगसमोर थांबली.

साहेब रजेवर होते. एचआरच्या बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. कागद समोर ठेवला. सह्या तीन ठिकाणी. मी म्हणालो, एकोणीस वर्षं झाली मला इथे. म्हणाल्या, हो सर, वर लिहिलंय.

लॅपटॉप दिला. सांगून टाकलं की बंद पडलाय, माझ्या हातून झालं. त्या म्हणाल्या, “काही हरकत नाही. त्यातलं सगळं आलंय आमच्याकडे.”

जिन्याने उतरलो. बायकोला काय सांगायचं ते उतरता उतरता जुळवलं होतं. कंपनीचे दिवस बरे नाहीत, साहेबांना फार वाईट वाटलं, वगैरे. ती रस्त्यापलीकडे उभी होती. मी पलीकडे जाऊन तोंड उघडायच्या आत तिने माझ्या हातातली रिकामी बॅग घेतली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.