रोहिणीच्या इंग्रजीच्या शंका

१३ जानेवारी, सोमवार
पुन्हा रोहिणीच! दहावीचा वर्ग रिकामा झाला तरी ही बाकावर. आईबाप कोल्हापूरकडं ऊसतोडीला, ही इथं मिरजगावात चुलत्याकडं. आज कवितेचं वृत्त – हलका ठोका, जड ठोका. बाकावर बोटांनी वाजवून दाखवलं. लगेच जमलं तिला! तरी घरी जाईना. "मॅडम, अजून एकच शंका." दिवस मावळला.

१७ जानेवारी
आजची शंका – कर्त्याशिवाय वाक्य होतं का? होतं, म्हटलं. पॅसिव्ह व्हॉइस. खिडकी फोडली गेली. कुणी, ते नाही सांगितलं तरी चालतं.
तिनं वहीत लिहून घेतलं. मग, "म्हंजी करनाऱ्याचं नावच येत न्हाई?"


२० जानेवारी
रोहिणी आली नाही.

२२ जानेवारी
आली. डोळे सुजलेले. "मॅडम, 'मला देणार आहेत' हे इंग्रजीत कसं लिवायचं?"
"काय देणार आहेत तुला?"
"मलाच."
रविवारी लग्न! नवरा ऊसतोड टोळीचा मुकादम, तिच्या दुप्पट वयाचा. ही पंधराची.
घरी येऊन चाइल्डलाइनला फोन लावला. माझे यजमान, परवेझ, ऐकत होते. "रुमाना, आपल्याला याच गावात राहायचंय. त्यात आपण..." पुढं बोलले नाहीत. गरजच नव्हती. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

२४ जानेवारी
चुलता, बन्सी, शाळेच्या फाटकाशी उभा. हसत होता.
"मॅडम, तुमी इंग्रजी शिकवा. बाकीचं आमी बगतो." जाता जाता – "तुमची इन्शा एकटीच येती न्हवं शाळंतून?"
 लेकीला उद्या घरीच ठेवते.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनात लक्षच नव्हतं. दुपारी कळलं – पोलीस आले, ग्रामसेवक आले, लग्न थांबवलं! बन्सीकडून लिहून घेतलं. रोहिणीला नगरच्या बालगृहात नेलं. गाडीत बसताना रडली नाही म्हणे.
मीच रडले. परवेझनी चहा करून दिला. 

२८ जानेवारी
बालगृहातून रोहिणीचा फोन. तिला धाकटी बहीण आहे, मला ठाऊकच नव्हतं. निकिता. पोलिसांची गाडी गेल्यावर तिला उभं केलं – त्याच मांडवात, त्याच नवऱ्यापुढं.
सातवीत आहे.