परमँगनेटची खूण

१९ फेब्रु. १९९१, मंगळ.
कालच्या नोंदीत चूक आहे. लिहिलं की सरावाच्या तोंडी परीक्षेत मी हातांनी प्रश्न सांगितले आणि सुनंदाने पाचही उत्तरं स्वतः दिली. चार दिली. पाचवं मी दिलं. तेव्हा लक्षातच आलं नाही.

सरांचा प्रश्न : ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या काचनळीत, परमँगनेट असेल तर रीडिंग द्रवाच्या कुठल्या कडेचं, वरच्या की खालच्या? मी हातांनी विचारलं. आमची परमँगनेटची खूण म्हणजे जांभळा रंग, मग बोट वरच्या कडेवर. मीच बसवलेली. म्हणजे प्रश्नातच उत्तर. सर खूश. "बघा, ऐकू येत नाही तरी कशी पटकन सांगते!"

२० फेब्रु.
हे आत्याचं वळण. आत्या जन्मापासून बहिरी. घरात मी आधी तिचे हात शिकले, पाटी नंतर. तिच्या खुणेत नुसती वस्तू नसते, वस्तूची सगळी हकीकत असते. दूधवाला म्हणजे लंगडणं, शिवाय दुधात पाणी. घरी आम्ही हसतो. परीक्षेत...

बाकीच्या खुणा तपासल्या. आणखी काही तशाच निघाल्या.

२२ फेब्रु., शुक्र.
कविताला सांगितलं. ती माझ्यासारखीच लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर.
"तू पण ना! मी पोरांना किती हिंट देते, मालूम? बोललीस तर सर तुला एक्स्टर्नल परीक्षकासमोर उभीच करणार नाहीत. मग त्या छोरीचं काय?"

तेच तर. सर आधीच म्हणाले होते, "तुमचे हात काय बोलतात ते मला कुठे कळतं? विश्वासावर चाललंय." मी नसले तर सुनंदा तोंडीला नुसती उभी राहणार. नापास.

२४ फेब्रु., रवि.
बुवापाड्याला सुनंदाच्या घरी. सगळं सांगितलं. चिडली. हात भराभर : मला येत होतं! आयोडीन विचार!

विचारलं, बोटांनी फक्त अक्षरं काढून. वरची कड, म्हणाली. मग न विचारताच तळहात डोळ्यांपुढे धरला : रंग गडद, खालची कड दिसत नाही.

येतं तिला. तरी त्या दिवशीचा मार्क...

तिचं म्हणणं, सरांनी भुवया उडवल्या की पोरं उत्तर बदलतात. सरांना कोण विचारतं?

तिची आई चहा देताना म्हणाली, "खरं ते सांगा मॅडम. पण पोरीला मधेच सोडू नका."

२५ फेब्रु., सोम.
सर रजेवर. सुनंदा लॅबमध्ये आली. सरांना सांगायला मी पण येणार, म्हणाली. माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे नको.

सरांना म्हणणार : तो मार्क काढा. एक्स्टर्नलनी प्रश्न आधी लिहावा, मग मी हातांनी सांगेन; रसायनांची नावं फक्त अक्षरांनी. आणि नाहीच म्हणाले तर... तिच्या आईला काय सांगू...

उद्या, मंगळवार २६ फेब्रुवारी. सकाळचं प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी. दोघी.