टाकीत जाणारी वायर

आकांक्षा,

"ताई, व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येऊन राह्यला, पिहूले त्यात बसवू नका," असं तू म्हणालीस तेव्हा मी हसले होते. गरोदर बाईच्या नाकाचं काय घेऊन बसलीस, म्हटलं होतं. वास खरा होता.

आज मुकेशभाऊजींनी मागची सीट उचलून पाहिली. पेट्रोलच्या पंपाची वायर टाकीत जाते ते भोक त्यांनीच पंप बसवताना पक्कं बुजवलं होतं, तिथे थेंब नव्हता. पेट्रोल वायरीच्या आतूनच, तांब्याच्या तारांमधून चढून सीटखालच्या जोडापाशी ठिबकत होतं. "दादा, चाबी नको फिरवू," ते ओरडले, तोवर यांनी फिरवली होती. भडका उडाला. पिहू शेजारीच उभी होती, भाऊजींनीच तिला ओढून अंगाखाली घेतलं. तिची पोटरी भाजली आहे.

मग यांनी भाऊजींना पान्ह्याने मारलं. ते पडल्यावरही मारत राहिले. "माह्या पोरीले जाळलं तुनं," एवढंच म्हणत होते. चावी कोणी फिरवली ते मी बोलले नाही. बोलले असते तर माझीही धडगत नव्हती.

पिहूला दवाखान्यात नेते आहे. यांनाही मुद्दाम सोबत नेते, घरी ठेवत नाही. पान्हा मी विहिरीत टाकला, पुन्हा यांच्या हाती लागू नये म्हणून.

भाऊजी कसेबसे उठून मागच्या शेडमध्ये गेले, आतून कडी लावून घेतली आहे. डोक्यातून रक्त येत होतं. पहिल्या हाकेला 'हो' म्हणाले, दुसरीला आवाज आला नाही. तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी ठेवते. १०८ची गाडी येते आहे, पण दार उघडायला कोणीतरी हवं. शेजारच्या सुमित्राकाकूंच्या घरच्यांना बोलावून दार तोडायला लाव, तू धक्का मारू नकोस. दार उघडलं की आधी तुझ्या नवऱ्याला बघ, बाकी सगळं नंतर.

अंकिता