रिकाम्या साइडकारचं ॲव्हरेज

नवागाम, मंगळवार संध्याकाळ

ॲव्हरेज वाढलं. हसावं की रडावं? जिग्नेश मेकॅनिकने चाकांत हवा भरली, चेनला तेल दिलं, कार्ब्युरेटर साफ केला आणि सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं. बायको, मंदा, गेल्यापासून मोटरसायकलची साइडकार रिकामीच धावते.

ती म्हणायची, "पेट्रोल माझ्या वजनाने नाही जळत, तुमच्या गप्पांनी जळतं. सिग्नलला तरी गाडी बंद करा!"

जिग्नेश म्हणाला, "काका, साइडकार काढी नाखो ने, काढूनच टाका. ॲव्हरेज अजून वाढेल."

मी नाही म्हणालो.

"मग वाळूची गोणी तरी ठेवा. रिकामी साइडकार डाव्या वळणाला उचलली जाते, पडाल." सगळे तेच करतात म्हणे.

बायकोच्या जागी वाळूची गोणी! इतका वाईट विनोद मी पेपरातल्या माझ्या विनोदी सदरातसुद्धा केला नसता. पण येताना डिंडोलीच्या वळणावर साइडकारचं चाक खरंच उचललं गेलं. माझा हात आपोआप डावीकडे गेला, तिला सावरायला.

साइडकार काढणार नाही. वाळूही भरणार नाही. डावं वळण सावकाश घेईन. लवकर पोचावं, असं आता घरी आहे कोण?