पॅनेलची हमी पंचवीस वर्षं, सूर्याची किती?

वारूळवाडी, ता. जुन्नर
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप साळुबाईआक्काच्या पायांवर धाकट्या दादाभाऊचं डोकं.

गुडघे कसे आहेत? सावळेरामदाजींचा खोकला गेला का, की त्यांनी औषध पुन्हा चहात घालून घेतलं? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी खुशाल नाही. फोनच करणार होतो, पण तू "हं, बोल" म्हणालीस की मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून पत्र. चष्मा लावून सावकाश वाच आणि मध्येच हसू नकोस, कारण गोष्ट सूर्याची आहे.

आपल्या विहिरीवर सौर पंप बसवायचा अर्ज मी केला आहे. कागद पुरे करायला मार्चच्या तीस तारखेपर्यंत मुदत आहे. सौर पंप कशाला, ते तुला सांगायला नको. लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या आठवड्यात उसाला पाणी द्यायचं म्हणजे बिबट्याच्या घरात न विचारता शिरायचं. (यंदा आपल्या भागात काय काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, ते लिहीत नाही.) मी पाणी धरतो आणि तुझी भावजय भागू बॅटरी घेऊन डबा वाजवत माझ्या मागं चालते. आळेफाट्याच्या एका गॅरेजातून मी खिळ्यांचा पट्टाही करून आणला, बिबट्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात बांधायला. बिबट्याचं माहीत नाही, पण सरीत वाकलो की खिळे माझ्याच हनुवटीत रुततात. एकदा तर तो काढायचा विसरून मी शेजारच्या चांगदेवच्या नातीच्या बारशाला गेलो, तर पाळण्यातली पोर मला बघून जी रडायला लागली ती नाव ठेवून घुगऱ्या वाटेपर्यंत थांबली नाही. सौर पंप आला म्हणजे पाणी दिवसाउजेडी. दुसरं मला काही नको.

तर हा चांगदेव मध्यंतरी चहा पिताना म्हणाला, "दादाभाऊ, पॅनेल बसीव, पर सूर्याचं काय सांगता येत न्हाई. मोबाईलवर आलंय, त्याचा ब्लॅक होल व्हनार हाय. समदं आत वढून घेतोय म्हनं." (चांगदेवचा स्वतःचा अर्ज परत आला आहे, हे मला मागाहून कळलं.) मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण तू मला ओळखतेस. लहानपणी चंद्राला ग्रहण लागलं की ते सुटेपर्यंत मी जेवत नसे, आणि ते काही धर्म म्हणून नव्हे. दोन दिवस मी धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पंपवाल्या कंपनीचा माणूस गावात माहिती द्यायला आला. पॅनेलची हमी पंचवीस वर्षं, असं तो म्हणाला, तसं मी उठून विचारलं, आणि सूर्याची किती? सगळी सभा हसली. तो मात्र हसला नाही. त्या बिचाऱ्यानं माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी वाचून काढलं आणि ती बाब आमच्याकडे येत नाही म्हणाला.

म्हणून विज्ञान दिनाला खोडदला गेलो, त्या मोठ्या तबकड्यांच्या दुर्बिणीपाशी. शाळेच्या पोरांच्या रांगेत टोपीवाला मी एकटाच. तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो, तेवढ्यात भागूनं सात फोन केले आणि मला बिबट्यानं नेलं असं समजून अर्धी आळी गोळा केली. आत एक शास्त्रज्ञ मुलगी होती, तुझ्या सुनेच्या, हर्षालीच्या वयाची. तिनं मला खुर्ची दिली आणि सांगितलं, की सूर्याचा ब्लॅक होल कधीच होणार नाही, कारण त्याचं वजन कमी पडतं. त्यासाठी सूर्याच्या निदान वीसेकपट जड तारा लागतो. आपला सूर्य अजून पाचशे कोटी वर्षं असाच तापणार, मग फुगून लाल होणार, आणि शेवटी आक्रसून निखाऱ्यासारखा हळूहळू निवणार. कुणाचं वजन कमी आहे हे ऐकून मला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

तिथंच उठायला हवं होतं. पण समाधान माझ्या अंगी लागत नाही. मी म्हटलं, "पर ताई, समजा झालाच, तर?" ती म्हणाली, तरी घाबरायचं कारण नाही. वजन तेवढंच राहिलं तर ओढही तेवढीच राहील. पृथ्वी आत जाणार नाही, आहे त्याच वाटेनं फिरत राहील. फक्त अंधार होईल आणि थंडी पडेल. हे ती मला धीर द्यायला सांगत होती. आक्का, होता तो धीरही गेला. सगळंच गिळलं असतं तर एक वेळ चाललं असतं; ऊस नाही, बिबट्या नाही, मीही नाही. पण हे म्हणजे पृथ्वी चालू, ऊस उभा आणि रात्रपाळी कायमची. मग बिबट्याचं काय, असं मी विचारलं. तिनं खरोखर विचार केला आणि म्हणाली, थंडीनं तोही टिकणार नाही. आधी तो जाईल का मी, ते मात्र तिच्या विषयात येत नव्हतं.

घरी येऊन भागूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाचशे कोटी वर्सं हायेत ना? मग जेवून घ्या." जेवलो, पण काळजी आहे तिथंच आहे. दाजींना नमस्कार, हर्षालीला आशीर्वाद.

तुझा,
दादाभाऊ

ता. क. – पाकिटात एक कागद आहे. विहीर सामाईक, आणि सातबारावर तुझंही नाव, त्यामुळे पंपाला तुझी हरकत नाही अशी सही लागते. अर्ज अडला आहे तो सूर्यावाचून नाही, ह्या सहीवाचून. सूर्याची शंका त्या मुलीनं तिथंच फेडली होती. हा कागद तुझ्यापुढं कसा धरावा ते सुचेना, म्हणून एवढं लांबण लावलं.

दुसरा ता. क. – हा हक्कसोडीचा कागद नाही. हर्षालीकडून शब्दन् शब्द वाचून घे. तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या, पप्पूच्या, हाती पाठवला होता तो हक्कसोडीचा, आणि "वाचत बसू नको, नुसती सही कर" असा निरोप मीच दिला होता. तू तो सहीशिवाय परत केलास, सोबत डबाभर करंज्या. करंज्या आम्ही खाल्ल्या, आणि तेव्हापासून एकाही दिवाळीला मी तुला न्यायला आलो नाही. मला लाज वाटते. हे तोंडानं सांगायला जमलं नसतं.

शेवटचा ता. क. – वर लिहिलं आहे की पाणी देताना भागू माझ्या मागं असते. ती पुढं असते, मागं मी असतो. तेव्हा सही तिच्यासाठी कर. आणि नाही केलीस तरी रविवारी मी तुझ्याकडे कळंबला येतोच आहे. त्या वेळी तू सही केली असतीस, तर सातबारावर तुझं नाव उरलं नसतं, आज तुला काही विचारावं लागलं नसतं, आणि हे पत्र मी लिहिलंच नसतं.