ओल्या सिमेंटावर पाय

माय, मेंढरं विकून आपण शहराला आलो तेव्हा वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि तू बांधकामावर घमेली वाहत होतीस. नव्या कोब्यावर कुणी पाय ठेवला की तू मुकादमालाही सोडत नव्हतीस. "कच्चंय ते! पाणी पिऊ द्या त्याला, मग नाचा." तू पाणी मारलेली जमीन कधी तडकली नाही, याचा तुला केवढा तोरा होता.

मग न्हाणीत घसरून तुझा खुबा मोडला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: मोडका गोळा काढून धातूचा बसवायचा. सिमेंटानं बसवला तर घट्ट बसेल, दुखणं कमी. पण सिमेंट भरताना एखाद्याचं थकलेलं काळीज दगा देतं. नुसता ठोकून बसवला तर ती भीती कमी, पण मांडी ठणकत राहील. मी घाबरून म्हणालो, नुसताच बसवा. तू मात्र खुशीत आलीस. "सिमेंटच टाका साहेब. त्याच्यावर लई भरवसा हाय माझा."

ऑपरेशनच्या टेबलावर तुझ्या काळजानं दगा दिला नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी सिस्टर तुला उभं करायला आल्या, तर तू कॉटची दांडी सोडेनास. "नाय बाई. अजून ओलं असंल." सिस्टर हसल्या, मीही हसलो. हे सिमेंट तिथंच, टेबलावरच काही मिनिटांत पक्कं होतं, हे कारखान्यातल्या पाळीवरून आलो की तुला नीट सांगणार होतो. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. क्रांती चौकात दगडफेक, मग संचारबंदी, पाळीच्या गाड्या बंद. मी कारखान्यातच अडकलो. नावाचा तो लढा खरा होता, त्याला मी बोल लावत नाही.

चार दिवसांनी पोचलो तेव्हा तू तशीच उताणी होतीस. पडून राहून छाती कफानं भरलेली. "पाय टेकला नाय मी," तू धापा टाकत सांगितलंस. "आता पक्कं झालं असंल, व्हय ना?" मी व्हय म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझ्या शहाणपणानंच तुला नेलं, याचा मला अजून राग येतो. तुझा नाही; कुणाचा, ते कळत नाही.

परवा माझाही खुबा मोडला. सिमेंटानंच बसवलाय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगतो. आज सकाळी व्यायाम करवून घेणारी पोरगी वॉकर घेऊन आली. "काका, चला, उभं राहायचं." मला सगळं ठाऊक आहे, माय. तरी कॉटची दांडी घट्ट धरून मी म्हणालो, "बाई, आजचा दिवस सुकू द्या."