राजाचा झगा

४ फेब्रुवारी
राजा झाली! माझी नात राजा झाली! कॉलेजच्या नाटकात. मुलगी राजा कशी, तर म्हणे आवाज खणखणीत आहे. तो माझ्यावरून गेलाय, पण ते कोण बोलणार! तिची वाक्यं पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे. मी तिसरी शिकलेली. बोट ठेवून एक ओळ वाचते, तोवर हिचं पान म्हणून होतं. वर या वहीत डोकावून हसते — "आजी, तुझा चार अजून उलटाच!" असू दे. माझा चार आहे, मला कळतो.

६ फेब्रुवारी
नाटक भारी आहे. राजा चांगला, प्रजेवर जीव टाकणारा. पण एक लढाई त्याच्याच हुकमामुळे हरतात, आणि हा भर दरबारात नाव घेतो सेनापतीचं! तो बिचारा गुमान राज्य सोडून जातो. मग राजाचं एकेक करत सगळंच जातं. मी म्हटलं, असला कसला अडेलतट्टू! चुकलो म्हणाला असता तर जीभ झडली असती का?
नात म्हणाली, "तेच तर, आजी. सर म्हणतात, वाईट माणूस बुडाला तर कोण रडेल? माणूस चांगलाच लागतो. खोड एकच. तीच त्याला बुडवते."
सर हुशार दिसतात. लग्न झालंय का विचारायला हवं.

७ फेब्रुवारी
राजाच्या नादात दूध उतू गेलं.

१० फेब्रुवारी
झगा मीच शिवला. टेप लावलीच नाही — चाळीस वर्षं शिवणकाम केलं, नजरेतच माप आहे! घातला तर चार बोटं आखूड. मी म्हटलं, तूच उंच झालीस. "सहा दिवसांत?" म्हणाली आणि पोट धरून हसली. "आजी, राजा तूच हो!"
मीही हसले. मग खालची दुमड उसवायला बसले आणि हात तसाच राहिला.
धाकटी आठवली. माझी पाठची बहीण. दोघींचं दुकान होतं, समोरासमोर दोन मशीन. एकदा एका नवरीचा पोशाख छातीत बसेना, आणि लग्न दुसऱ्या दिवशी. तिची आई दुकानात आरडाओरडा करायला लागली. मी म्हटलं, "माप हिने घेतलं." खरं तर कोणी घेतलं होतं ते तेव्हाही मला नीट आठवत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि मी त्या बाईची समजूत काढतेय तोवर निघूनही गेली.
संध्याकाळी मापांची वही उघडली, तर ते पान फाडलेलं! म्हणजे चूक तिचीच. नाहीतर पान कशाला फाडेल? एकोणीस वर्षं मी त्या फाटलेल्या पानाच्या जोरावर निवांत झोपले. भाचा समजूत घालायला आला होता, त्याला दारातूनच सांगितलं — "ती मेली तरी मला कळवू नकोस."
हे मी बोलले. लिहिल्यावर कसं दिसतंय बघा.

१३ फेब्रुवारी
धाकटीकडे फोन लावला. दोनदा वाजला, मीच ठेवून दिला. धाकटी ती, तिने आधी करायला नको? नाटक होऊ दे. मग बघू.

१८ फेब्रुवारी
काय केलं पोरीने! शेवटी राजा मुकुट हातात घेऊन सेनापतीच्या दारात जातो. घर रिकामं. नात गुडघ्यांवर बसली, झगा भोवती पसरला — लांबी आता बरोब्बर — आणि हळूच म्हणाली, "मी आलोय रे." टाळ्या थांबेनात. माझे हात मांडीवरच.
सकाळच्या पहिल्या बसने जाते. पान कुणीही फाडलेलं असो, चारचौघांत मी तसं बोलायला नको होतं. वाक्य पाठ केलंय — चुकले गं. एवढंच तर आहे! राजाची पानंच्या पानं होती.

१९ फेब्रुवारी
भाच्याने दार उघडलं. "मावशी!" म्हणाला आणि हात धरून आत घेतलं.
धाकटीला जाऊन सात महिने झाले.
मी ओरडलेच, अरे, कळवलं का नाहीस? तो मान खाली घालून म्हणाला, "तूच नको म्हणाली होतीस ना, मावशी."
तिची मशीन खिडकीपाशी होती, वर कापड झाकलेलं. पाठ केलेलं वाक्य मशीनला कसं म्हणू?
निघताना त्याने तिचा टाचण्यांचा डबा हातात दिला. "आई म्हणाली होती, मावशी आपणहून आली तरच द्यायचा." बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. उघडला नाही.

२० फेब्रुवारी
डबा उघडला. टाचण्यांखाली ते पान, चार घड्या घातलेलं. वर त्या नवरीचं नाव. छाती ३४.
चार उलटा.